तंबाखू सुटल्यानंतरचे महिने: नवी सुरुवात टिकवायची कशी?

कृष्णाकाठ

गुढीपाडव्याला आमच्या कुपवाड एमआयडीसीत दरवर्षी चार-दोन जण तंबाखू सोडतात. ३१ मेला तंबाखूविरोधी दिनाची शपथ होते, तेव्हा आणखी काही जण. गणपती येईपर्यंत त्यातल्या बहुतेकांच्या खिशात डबी परत आलेली असते. ही माणसं लेचीपेची नाहीत. आठ-आठ तास मशीनवर उभं राहून घर चालवणारी, बहिणींची लग्नं लावून दिलेली, कर्ज फेडलेली माणसं आहेत. तरी असं होतं, आणि दर वेळी त्यांना वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला ते बघवत नाही.

मी लेथवर काम करतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तंबाखू खात होतो, आता सुटून बरीच वर्षं झाली. लोक विचारतात, "कशी सोडली?" सोडायला काय, डबी एका रात्रीत उचलून फेकता येते. पुढचे सहा महिने काय केलं ते कुणी विचारत नाही, आणि सगळं तिथंच ठरतं. त्यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा. तंबाखू, मावा, खर्रा, मशेरी, विडी, ज्याचं जे असेल ते लिहा.

माझं सांगतो. सोडायच्या आधी आठवडाभर काहीही न बदलता मी फक्त बघत राहिलो की आपण खातो कधी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायचो. उठल्यावर, संडासला जायच्या आधी. चहा झाल्यावर. नवा जॉब लावून पहिला कट मापात आला की. जेवल्यावर. सुटी झाली की गेटबाहेर. रात्री बातम्या बघताना. मला वाटायचं दिवसभर तोंड चालूच असतं, पण कागदावर बघितलं तर त्याच त्या जागा. त्या सोडल्या तर मधल्या वेळात आठवणही यायची नाही.

मग एकेक जागा धरली. सगळ्यात अवघड जेवणानंतरची. बायकोनं बडीशेप आणि ओवा तव्यावर भाजून, सैंधव लावून दिलं. ते मी त्याच जुन्या डबीत भरायचं म्हणत होतो, तिनं ती डबी घासायलाही घेतली नाही, भंगारात दिली. बरं केलं. आता हाताचं. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरवायची सवय इतकी मुरलेली की तंबाखू नसली तरी अंगठा आपोआप फिरायचा. मग मी बडीशेपच तळव्यावर घेऊन मळायला लागलो. अंगठ्यानं चोळायची, दोन टाळ्या मारून फोल उडवायचं, चिमटीत धरून तोंडात टाकायची. बघणाऱ्याला कसं का वाटेना, हाताला त्याचं काम मिळालं आणि डोकं शांत झालं. हे मी आजवर ज्या ज्या माणसाला सांगितलं त्याला उपयोगी पडलंय.

गेटबाहेरच्या जागेवर मात्र उपाय एकच होता, त्या गेटनं बाहेर न पडणं. गाडी मागच्या गेटला लावायला लागलो.

आणि एक गोष्ट जिच्यावर कुणी बोलत नाही. तंबाखू मागायला ओळख लागत नाही. एसटी स्टँडवर, शेताच्या बांधावर, दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणूस हात पुढं करतो आणि आपण देतो. मालक नोकराला मागतो. ज्या घरात पाणी घ्यायला लोक कचरत होते त्या घरच्या माणसाकडून चिमूटभर तंबाखू घेताना कुणी जात विचारली नाही, हे माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय. तंबाखू सोडली की माणसाचा हा सगळा गोतावळा एकदम तुटतो. पहिले काही महिने मला फार एकटं वाटलं. डब्याच्या सुटीत सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला. त्या एकटेपणासाठी माणूस परत जातो, निकोटिनसाठी तेवढा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दंतवैद्य सोलापूर

फार महत्त्वाचा धागा. रोज खुर्चीवर हेच पेशंट असतात म्हणून थोडं वैद्यकीय बाजूने लिहिते.

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी निम्मीच सहमत आहे. निकोटिनची ओढ खरी असते आणि ती कमी लेखू नये. आपल्याकडे तंबाखूत चुना मळतात, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तासा-दोन तासांनी हात खिशाकडे जातो. सोडल्यावर पहिला आठवडा, त्यातही पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोप न लागणं, एकाग्रता न होणं, सारखी भूक, बद्धकोष्ठ. हे सगळं बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तल्लफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती मिनिटं काढली की ती जाते, तुम्ही खाल्लं तरी जाते आणि नाही खाल्लं तरी जाते.

निकोटिनच्या गोळ्या (च्युइंगम) खूप जण चुकीच्या पद्धतीने खातात आणि मग "मळमळलं, काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. ती साध्या च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते. तिखटसर झिणझिण्या आल्या की चावणं थांबवायचं, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावायचं. अशी अर्धा तास पुरते. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. गोळी दोन मिलिग्रॅमची की चारची, की त्वचेवर लावायची पट्टी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

बडीशेप, ओवा, लवंग उत्तम. सुपारी नको. तंबाखू सोडून सुपारीवर आलेले पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना वाटतं आपण सुटलो. सुपारीमुळे गालाचं अस्तर आतून कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि तो कडकपणा पूर्ण मागे फिरत नाही. आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं, उभी, एकावर एक, तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दाखवायला या. गालावर किंवा ओठाच्या आत न पुसला जाणारा पांढरा चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर ती दाखवायलाच हवी, दुखत नसली तरी.

रोखठोक

इतकं सगळं करायची गरज काय? माझ्या वडिलांनी आजोबांच्या तेराव्याला विडी सोडली ती सोडली. ना बडीशेप, ना गोळी. मनाचा निर्धार पाहिजे. आजकाल माणसाला प्रत्येक गोष्टीला आधार लागतो.

कृष्णाकाठ

रोखठोक दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. अशी माणसं असतात, मीही बघितलीत. पण तेरावं म्हणजे काय असतं बघा. घर बदललेलं असतं, जबाबदारी अंगावर आलेली असते, सगळ्या भावकीसमोर शब्द दिलेला असतो, आणि त्यानंतर त्या माणसाला विडी देणारा हात त्याच्या वडिलांची आठवण काढूनच मागं येतो. निर्धार मोठा होताच. त्याला चारी बाजूंनी आधारही होता, फक्त तो विकत आणावा लागला नाही.

ज्याच्या घरी असा प्रसंग आलेला नाही त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी हा धागा आहे.

वैनगंगा

आमच्याकडे खर्रा. पुण्या-मुंबईच्या लोकांना कल्पना नसेल म्हणून सांगतो. सुपारीचे बारीक काप, तंबाखू, चुना, पन्नीवर घ्यायचं आणि चांगलं घासून घोटायचं, मग तीच पन्नी गुंडाळून खिशात. लग्नात पाहुण्याला खर्रा, ऑफिसात साहेबाला खर्रा, शेतात मजुरी ठरवताना खर्रा. म्हणजे सुपारी आणि तंबाखू दोन्हीचा मार एकत्र. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण खर्रा टपरीवर घोटला जातो, त्याला पाकीट नाही की छापलेला इशारा नाही.

कृष्णाकाठ भाऊंनी गोतावळ्याचं लिहिलं ते मला फार पटलं, कारण आमच्या गावात याच्या उलट बाजूनं काम झालेलं बघितलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यासाठी गावोगावच्या बायांनी लढा दिला. २०१६ पासून मुक्तिपथ सुरू झालं. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं आणि सरकारनं मिळून दारू आणि तंबाखू दोन्हींवर गावपातळीवर काम उभं केलं. त्यात मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की एकट्या माणसाला "तू सोड" म्हणून सोडून दिलं नाही. गावसभेत ठराव घ्यायचा, दुकानदाराशी बोलायचं, शाळेत बोलायचं. टपरीवाल्यालाच खर्रा ठेवायचा नसेल तर सोडणाऱ्याला दिवसातून दहा वेळा नाही म्हणावं लागत नाही.

सगळ्या गावांत जमलं असं नाही. काही ठिकाणी खर्रा बाजूच्या गावातून येतो. पण माझा चुलतभाऊ अशाच एका गावात राहतो आणि त्याचा सुटलेला आहे. आधी नागपूरला नोकरीला होता तेव्हा कितीदा तरी सोडून परत धरला होता. माणूस तोच, गाव बदललं.

जाईजुई

मी साताऱ्याकडची. माझ्या आईसाठी लिहितेय.

आमच्या भागात मशेरीला कोणी तंबाखू म्हणतच नाही. तंबाखूची पानं तव्यावर करपेपर्यंत भाजायची, हातानं चुरून पूड करायची, आणि बोटानं दातांना लावायची. घरभर तो वास सुटला की आम्ही मुलं खोकत अंगणात पळायचो. आई "दात घासते" म्हणते. पण दात घासणं सकाळी एकदा असतं. ती जेवणानंतर, दुपारी, संध्याकाळी पुन्हा लावते आणि ओट्यावर बसून राहते. तिच्या मैत्रिणीही तिथंच. दिवसभरात तिला बसायला मिळतं ते तेवढंच.

गरोदरपणी तिला कोणी थांबवलं नव्हतं, मलाही नणंदेनं "उलटी थांबते, लाव थोडी" म्हणून दिली होती. नंतर नर्सबाईंनी सांगितलं म्हणून वाचले. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी वगैरे लावणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची निघाली होती. मी हे आईला सांगितलं तर म्हणाली, "तू झालीस की साडेसहा पौंडाची."

तिला आता हिरड्यांचा त्रास आहे. तिला सोडायची इच्छाही आहे, पण म्हणते, "मग मी ओट्यावर बसून करू काय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. कोणाला सुचतंय का?

दंतवैद्य सोलापूर

जाईजुई, तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. बायकांच्या बाबतीत मी हेच पाहते. मशेरी म्हणजे त्यांच्या हक्काचा वेळ असतो. ती काढून घेतली आणि बसण्याचं निमित्तच संपलं तर त्या परत लावणारच. ओटा सोडू नका, मैत्रिणी सोडू नका. शक्य असेल तर त्या दोघी-तिघींना एकत्रच तयार करा, एकीनं सोडून दुसरीनं शेजारी बसून लावत राहिलं तर फार अवघड जातं.

आणि हिरड्या दुखतात म्हणून लावावीशी वाटते, लावली की बधिर होऊन बरं वाटतं, असं ते चक्र आहे. म्हणून आधी हिरड्यांवर उपचार करून घ्या. दुखणं थांबलं की निम्मं निमित्त जातं. मऊ ब्रश, साधी पेस्ट, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेस्ट घेताना काय घटक आहेत ते वाचा. गावाकडे तंबाखू असलेली दंतमंजनं आणि पेस्टी अजून मिळतात.

नवखा

परवा रात्री सोडली. हा धागा शोधत होतो असं वाटलं.

डोकं जड आहे. झोप तीन-चारला उघडते. बायको काही बोलली की अंगावर जातो. आणि सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पोट. तंबाखू खाल्ल्याशिवाय सकाळी होतच नाही. आज सकाळी अर्धा तास बसून आलो आणि वाटलं एक चिमूट घ्यावी, नुसती त्यासाठी, बाकी दिवसभर नाही. घेतली नाही अजून. काय करू?

कृष्णाकाठ

घेऊ नका. सकाळची ती एक चिमूटच बाकीच्या सगळ्यांना घेऊन येते.

तुम्हाला जे होतंय ते सगळं व्हायलाच पाहिजे असंच होतंय. पोटाचं म्हणाल तर आतड्यांना इतकी वर्षं निकोटिनचा धक्का देऊन जागं करायची सवय लागलीय, ती जायला थोडे आठवडे लागतात. रात्री झोपताना इसबगोल पाण्यातून, सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास कोमट पाणी आणि मग लगेच संडासला न जाता वीस मिनिटं चालून या. पपई, पेरू, भाकरी वाढवा. मला याच क्रमानं आराम पडला. संडासची वेळच थोडी पुढं ढकलली की जुनी जागाही मोडते.

दंतवैद्य सोलापूर

+१. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, सौम्य औषध देतात, त्यात कमीपणा नाही. आणि राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा, १८००-११२-३५६, पैसे लागत नाहीत. तंबाखूच्या पाकिटावर हाच नंबर छापलेला असतो. समुपदेशक बोलतात आणि नंतर तेच पुन्हा फोन करून चौकशीही करतात.

मस्कतकर

मी मूळचा रत्नागिरीचा. मस्कतला आलो आणि तंबाखू जवळजवळ आपोआप सुटली. इथं माझ्या ओळखीत कोणी खाणारं नव्हतं, टपरी नव्हती, कामाच्या वेळा वेगळ्या. मला वाटलं जिंकलो. पहिल्या सुटीत गावी गेलो, एसटीतून उतरलो, स्टँडच्या त्या कठड्यावर टेकलो आणि हात खिशाकडे गेला. मनात तंबाखूचा विचारही नव्हता. हात गेला.

नंतर वाचनात आलं की यावर मोठा अभ्यास झालेला आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार हादरलं होतं की हे सगळे गर्दुल्ले होऊन घरी येणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिकडे व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. त्या काळी उपचार घेऊन आपल्याच मोहल्ल्यात परत जाणारे बहुसंख्य लोक पुन्हा घ्यायला लागायचे. रॉबिन्स बाईंच्या निष्कर्षांवर लोकांचा सुरुवातीला विश्वासच बसला नाही.

मी त्यातून माझ्यापुरता एक अर्थ काढला. जागा बदलली की सवय सुटते आणि जुन्या जागी ती वाट बघत बसलेली असते. त्यामुळे आता गावी जायच्या आधी मी भावाला फोन करून सांगतो, स्टँडवर घ्यायला ये. तो गाडी घेऊन उभा असतो, मी कठड्याकडे जातच नाही.

पण सगळ्यांना मस्कत कुठून आणणार? कृष्णाकाठ यांनी मागच्या गेटला गाडी लावली ते मला म्हणूनच फार मोठं वाटलं. ज्याला गाव बदलता येत नाही त्याने गेट बदललं.

आकडेमोड

'२१ दिवसांत सवय बदलते' हे व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाक्य इथे अजून कोणी लिहिलं नाही याचं बरं वाटलं. त्याचं मूळ १९६० सालचं आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. 'किमान' हा शब्द गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्या सवयी आल्या.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. नवी साधी सवय, म्हणजे जेवणाबरोबर पाणी पिणं, फळ खाणं, रोज चालणं, अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. हा अभ्यास व्यसन सोडण्याचा नव्हता, नवी सवय लावण्याचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी कृष्णाकाठ यांची भाजलेली बडीशेप हीसुद्धा नवी सवयच आहे, आणि ती मुरायला दोन महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात. एकविसाव्या दिवशी तल्लफ आली म्हणून "माझ्याच्याने होत नाही" असं ठरवणाऱ्या किती लोकांवर त्या वाक्याने अन्याय केला असेल.

पाडव्याबद्दल एक. नवीन वर्ष, वाढदिवस, सोमवार, अशा दिवशी माणसं जास्त उत्साहाने सुरुवात करतात, हेही २०१४ च्या एका अभ्यासात दिसलंय, जिममधली हजेरी वगैरे तपासून. तेव्हा मुहूर्त बघण्यात चूक काही नाही. फक्त मुहूर्ताचा जोर त्या दिवसापुरता असतो.

टाळकरी

इथं माळेचा विषय निघायला हवा होता. आमच्या नगर जिल्ह्यात कितीतरी घरं माळेनं सावरली. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून दारू, मटण बंद. मी हे एकदा-दोनदा नाही, आयुष्यभर बघत आलोय. गावातला कोणीही त्याला पुन्हा ग्लास पुढं करत नाही. गळ्यात माळ दिसते ना. एकादशी आली, हरिपाठ आला, दिंडी आली, संध्याकाळचा रिकामा वेळ भजनात जातो, आणि वर्षातून पंढरीची वारी. वर कोणी म्हणालं तसं, चारी बाजूंनी आधार.

पण मनापासून दुखणारी गोष्टही सांगतो. आमच्या दिंडीत तंबाखू चालते. पखवाजावर थाप पडायच्या आधी बार भरला जातो, विसाव्याला पुडी फिरते. माळेनं दारू सोडवली आणि तंबाखूला कोणी हात लावला नाही, कारण ती व्यसनात धरलीच नाही. ज्या संप्रदायात माणसाला बदलायची एवढी ताकद आहे त्यानं हेही मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे. आमच्या फडात आम्ही तिघा-चौघांनी महाराजांकडे विषय काढला आहे. कीर्तनात बोलायला ते तयार झालेत.

रोखठोक

टाळकरी महाराज, पटलं. वडिलांचंही तसंच होतं बहुधा. विडी सोडली त्यानंतर ते रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे, याआधी कधी गेले नव्हते. मी दोन्ही गोष्टी एकत्र लावून बघितल्या नव्हत्या.

घरधनीण

मी सोडणाऱ्याच्या घरची बाजू विचारते. मिस्टरांनी सोडली की मी रोज विचारायची, "खाल्ली नाही ना?" खिसे बघायची, तोंडाचा वास घ्यायची. भांडणं व्हायची आणि ते म्हणायचे, "तू संशयच घेणार असशील तर खाल्लेली काय वाईट." मग आपण काय करायचं? गप्प बसायचं?

कृष्णाकाठ

वहिनी, गप्प बसू नका, पण विचारण्याची वेळ बदला. तो घरात शिरताना विचारू नका. आमच्या घरी बायकोनं एक केलं, जेवण झालं की ती स्वतः बडीशेप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायची, दहा मिनिटं, काहीतरी बोलत. तंबाखूचं नाव नाही. त्या दहा मिनिटांत माझी तल्लफ निघून जायची आणि तिलाही कळायचं की आज गडी ठीक आहे की नाही. खिसे तपासून जे कळतं त्यापेक्षा जास्त कळायचं.

पहिला महिना घरात मोठे विषय काढू नका. जमिनीची वाटणी, मुलांच्या फीचा हिशोब, सासरची माणसं, थांबू शकतं ते थांबवा.

जाईजुई

हे वाचून एक सुचलं. आईला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी विणकामाचं सामान आणून देतेय. आईला पूर्वी लोकरीचं सुंदर यायचं, आमची टोपडी तिनंच केली होती. दोन्ही हात गुंतले की बोट दाताकडे जाणार कसं? आधी हिरड्यांचं बघायला डॉक्टरकडे नेते.

नवखा

सगळ्यांचे आभार. इसबगोल आणलं. एकच भीती वाटते. चुकून एकदा खाल्ली तर? आमच्याकडे पुढच्या आठवड्यात मेहुण्याचं लग्न आहे. सगळे खाणारे एकत्र येणार. मला माहितीय हात पुढं येणारच.

मस्कतकर

जायच्या आधी एका माणसाला सांगून ठेवा, सगळ्यांना नको. मेहुण्यालाच सांगा. नवरदेवाचा शब्द त्या दिवशी कोणी मोडत नाही.

आकडेमोड

लॅलींच्या त्याच अभ्यासात एक दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. व्यसनाला हे जसंच्या तसं लावू नका. पण एकदा घसरलं म्हणजे सगळं पुसलं गेलं, असंही नाही.

दंतवैद्य सोलापूर

माझ्याकडचे जे पेशंट पूर्ण सुटलेत त्यातले बरेच जण पहिल्या खेपेला सुटलेले नाहीत. दर वेळी त्यांना एक नवी जागा कळली, जिथे ते अडकतात. राज्यात २०१६-१७ च्या सर्वेक्षणात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले, त्यातले बहुतेक तोंडात ठेवून खाणारे किंवा लावणारे. म्हणजे शंभर माणसांच्या मांडवात सव्वीस-सत्तावीस जणांकडे ती असणार. तुम्हाला तिथे जायचंच आहे, तर तयारीने जा. निकोटिनची गोळी चालेल का ते उद्याच डॉक्टरांना विचारा, लग्नाच्या दिवशी खिशात असू द्या.

कृष्णाकाठ

नवखे दादा, कुणी हात पुढं केला तर "सोडायचा प्रयत्न चाललाय" म्हणू नका. त्यावर माणूस म्हणतो, "मग आज लग्न आहे, उद्यापासून सोड." "मी खात नाही" एवढंच म्हणा आणि लगेच त्याला काहीतरी दुसरं विचारा, पाऊसपाणी, मुलगी कितवीला, काहीही. त्याला तुमच्याशी बोलायचं असतं. मी आधी लिहिलं ना, तंबाखू मागणं म्हणजे निम्मं बोलायचं निमित्त. बोलणं त्याला द्या.

जेवणाच्या पंगती उठल्या की मांडवाच्या मागं पुड्या निघतात. त्या वेळी वाढप्यांत सामील व्हा. लग्नघरात काम करणाऱ्याला कुणी थांबवत नाही, आणि हातात जिलेबीचं ताट असलं की तळवा मोकळा नसतो.

आणि इतकं करूनही खाल्ली गेलीच, तर त्याच रात्री इथं लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळची वाट बघू नका, कारण सकाळी पोटाचं निमित्त तयार असतं. कुठं, कुणाबरोबर, कशानंतर, एवढंच लिहा. आपण मिळून बघू. मी रात्री साडेदहापर्यंत जागा असतो, मस्कतकर त्यानंतरही असतील.

मस्कतकर

असतो. आमचं घड्याळ दीड तास मागे आहे.

घरधनीण

लग्नाच्या आदल्या दिवशी बडीशेप-ओवा भाजून घ्या, नवखे भाऊ. दोन वाट्या बडीशेप, पाव वाटी ओवा, मंद आचेवर, ओवा शेवटी घाला नाहीतर करपून कडू होतो. सैंधव गॅस बंद केल्यावर. आणि नव्या डबीत भरा.